त्रिंबकराव काय काय घेतात

"नमस्कार. मी त्रिंबक हळबे," दारात उभा राहिलेला माणूस म्हणाला, आणि आमच्या अक्षरं जुळवणाऱ्या शिकलगारमामांच्या हातातली शिशाच्या खिळ्यांनी भरलेली पट्टी खाली पडली.

खिळे फरशीभर पसरले. गोळा करायला कोणी वाकलं नाही. छापखान्याचे मालक मगदूम हार घेऊन पुढं निघाले होते, ते अर्ध्या वाटेवर थांबले. सबनीस मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला आणि पाहुण्यांकडं बघितलं. पाहुणे तेच होते. मी मात्र पटकन खाली बसलो. समोर हिरव्या कव्हराच्या पुस्तिकांचा गठ्ठा होता, त्याच्यावर.

सगळे उभे आणि एक पोरगा बसलेला, हे साहेबांच्या लक्षात आलंच.

"यांना बरं नाही का?"

"उसण भरलीय, साहेब," मी म्हणालो.

"अरेरे. मग उठू नका."

इतक्या भल्या माणसाशी खोटं बोलणं जिवावर आलं होतं. पण उठलो नाही.

हे सगळं का, ते सांगायला हवं. कोल्हापूरच्या दक्षिणेला आमचं तालुक्याचं गाव. तिथं मगदुमांचा छापखाना. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, तमाशाची हँडबिलं, असं तिथं छापलं जायचं. त्याच छापखान्याच्या मागच्या खोलीत सबनीस मास्तर इंग्रजी-मराठी कोश करत होते. शाळेतून निवृत्त झाले त्या आठवड्यात ते त्या खोलीत शिरले आणि दुपारच्या जेवणापुरतेच बाहेर यायचे. मगदुमांचे वडील मास्तरांचे विद्यार्थी. मरताना ते मुलाला म्हणाले होते, "मास्तरांचा कोश पुरा कर." मुलानं मान डोलावली, कारण त्या वेळी कोश म्हणजे किती पानं असतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

मी मास्तरांचा मदतनीस. बी. ए. झालेला, दुसरं काही न जमणारा. माझं काम ऐकण्याचं. मास्तरांचा नियमच तसा होता. प्रत्येक अर्थाला मराठी वाक्य हवं, आणि ते वाक्य कोणीतरी खरोखर बोललेलं हवं. बनवलेलं चालायचं नाही.

"बनवलेल्या वाक्यात माणूस नसतो, चौगुले," ते म्हणायचे. "'रामाने फळ घेतले.' कोण राम? कसलं फळ? बाजारात जा. एस. टी. स्टँडवर जा. न्हाव्याकडं बसा. कान उघडा ठेवा आणि तोंड बंद."

मी तसं करायचो. वाक्यं भरपूर मिळायची. अडचण एवढीच, की खऱ्या वाक्यात खरी माणसं असायची आणि ती गावातच राहायची. म्हणून नावं बदलायची ठरलं. आधी सगळ्यांना 'गणपत' केलं. 'जी' अक्षराची पानं छापखान्यातून बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी गावातले तीन गणपत काठ्या घेऊन दारात उभे. तिघांनाही खात्री होती की ते वाक्य आपल्यावरच आहे. तेव्हा मास्तरांनी गावात कोणाचंही नसलेलं नाव शोधलं. त्यांनी जन्मभर हजेरी घेतली होती, त्यांच्याइतकं हे कोणाला माहीत असणार? ते म्हणाले, "त्रिंबक. एकदाही हाक मारलेली आठवत नाही." त्या दिवसापासून गावानं जे जे केलं ते त्रिंबकरावांनी केलं.

'टी' आला आणि 'टेक' या क्रियापदानं आम्हाला गाठलं. इंग्रजांनी या एका शब्दात किती संसार भरलाय! घेणं आहे, नेणं आहे, लागणं आहे, समजणं आहे, सोसणं आहे, बळकावणंही आहे. मास्तर म्हणाले की या जातीकडं राज्य का आलं ते आता कळलं. आम्ही हिवाळाभर त्याच्यातच होतो. एक अर्थ संपवावा तर दुसऱ्याच्या पोटातून तिसरा निघायचा.

तोवर मगदुमांचा धीर सुटत आला होता. जुळवून ठेवलेल्या पानांत खिळे अडकून पडले होते. लग्नसराईत शेजारच्या गावच्या छापखान्याकडून उसने खिळे आणावे लागले. त्यांनी मास्तरांना हात जोडून सांगितलं, "मास्तर, शाळांच्या पुस्तकखरेदीची समिती असती म्हणं. त्यांची मंजुरी आणू. मिळाली तर पुढची अक्षरं करू. न्हाई मिळाली तर पानं मोडतो, खिळे कप्प्यात टाकतो. मला बाच्या आत्म्याला तोंड दाखवायचंय, पर बायकोला आधी दाखवाय लागतंय."

मास्तर उठले. मागच्या खोलीत जाऊन बसले. त्या दिवशी जेवायलाही बाहेर आले नाहीत.

समितीला नमुना म्हणून 'टेक'ची नोंद वेगळी पुस्तिका करून पाठवली. मास्तरांना तीच सगळ्यांत चांगली वाटत होती. नोंद पूर्ण होती, फक्त एक जागा सोडून. 'निर्णय घेणे' या अर्थापुढं मास्तरांनी छापून घेतलं होतं: 'वाक्य मिळालेले नाही.'

खरंच मिळालं नव्हतं. मी कचेरीत बसलो, सोसायटीच्या मीटिंगला बसलो, देवळाच्या पंचांत बसलो. निर्णय 'होईल' असं म्हणत, 'व्हायला पाहिजे' असं म्हणत, 'वर गेलाय' असंही म्हणत. अमक्यानं निर्णय घेतला, असं गावात कोणी बोलल्याचं माझ्या कानावर आलं नाही. मगदूम गयावया करत होते, "घाला की काहीतरी! 'त्रिंबकरावांनी निर्णय घेतला.' चार शब्द हायत का तीन, ते बी मी फुकट छापतो." मास्तर म्हणायचे, "कोणी म्हटलं का?" समितीच्या जुन्या साहेबांनी तर कळवलंच होतं, की अपूर्ण नोंदीला मंजुरी देता येत नाही. पण ते बदलून गेले, आणि नवे हळबे नावाचे साहेब स्वतः येणार असं पत्र आलं. आम्हाला भीती त्या एका रिकाम्या जागेची होती. भरलेल्या चाळीसेक जागांची भीती साहेबांनी आपलं पाळण्यातलं नाव सांगितल्यावर सुरू झाली.

"साहेब, आधी च्या," मगदूम भानावर येऊन म्हणाले. हार घालायचं मात्र विसरले.

"मी चहा घेत नाही."

"काफी?"

"तीही नाही."

"ताक? आमच्या घरच्या म्हशीचं हाय."

"मी कुठंच काही घेत नाही," साहेब ओशाळून म्हणाले. "राग मानू नका. सवय आहे."

शिकलगारमामा आता खिळे वेचायला खाली बसले होते. तिथूनच ते पुटपुटले, "न्हाई म्हणणारा एक तरी निघाला म्हणायचा."

"मामा, आत या जरा," मगदूम म्हणाले. "मास्तर, तुम्ही बी या. साहेब, बसा, आलोच. मशीनचं जरा बघतो."

तिघं मागच्या खोलीत गेले. मधल्या दाराला फळी होती, पण मगदुमांच्या कुजबुजीला फळी पुरत नसे.

"नाव बदला सगळीकडं!"

"छापल्यालं नाव कशानं बदलू, मालक? खोडरबरानं?"

"मग चिठ्ठ्या डकवा. गणपत लिवा."

"ते तीन गणपत अजून हैत."

"मास्तर, तुम्ही तरी काय बोला की!"

"नाव काय हवं ते करा," मास्तरांचा आवाज आला. "वाक्याला हात लावायचा नाही."

बाहेर मी आणि साहेब. पावसानं पत्र्यावर ताल धरला होता. साहेबांनी आपली छत्री कोपऱ्यात टेकवली. एक काडी मोडलेली, कापड विटलेलं, मुठीला सुतळी गुंडाळलेली. शेजारी माझी होती. आठवड्यापूर्वी माझ्या सख्ख्या मामानं मुंबईहून आणलेली, वेताच्या मुठीची. त्या दोघी शेजारी उभ्या होत्या त्या वरपिता आणि वधुपित्यासारख्या.

"नमुना-पुस्तिका कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"बाइंडरकडं."

"आणि तुम्ही बसलाय ते काय आहे?"

"रद्दी."

"हिरव्या कव्हराची?"

मी खाली बघायचं टाळलं. साहेबांनी खांद्याची शबनम पुढं ओढली आणि तिच्यातून एक हिरवी पुस्तिका काढली. कोपरे दुमडलेले, कव्हरावर चहाच्या कपाचा गोल डाग, चहा न घेणाऱ्या माणसाच्या घरचा.

"ही आधीच्या साहेबांच्या टेबलावर राहिली होती," ते म्हणाले.

तेवढ्यात दार उघडून तिघं बाहेर आले. मगदुमांच्या हातात खळीचं भांडं होतं. साहेबांच्या हातात पुस्तिका बघून त्यांनी ते पाठीमागं लपवलं. खळ धोतरावर सांडली.

साहेबांनी चष्मा वर केला आणि वाचायला सुरुवात केली. आवाज अगदी सपाट. शाळा तपासणीला आलेला माणूस पटसंख्या वाचतो, तसा.

"'एक सही करायला त्रिंबकरावांना पावसाळा लागला.'"

त्यांनी बोट खालच्या ओळीवर नेलं.

"'त्रिंबकरावांनी व्याह्यांना वाढपी समजून पाणी मागितलं.'"

मगदुमांनी डोळे मिटले. ते वाक्य त्यांच्याच मुलीच्या लग्नातलं होतं.

"'मठ्ठा दुसऱ्यांदा फिरवला नाही, हे त्रिंबकरावांनी मनाला लावून घेतलं.' 'त्रिंबकरावांनी शेजाऱ्याचा कट्टा बळकावला, तुळशीसकट.' 'त्रिंबकराव पैसे घेत नाहीत, तांदूळ घेतात.'" साहेब थांबले. पान उलटलं. "'त्रिंबकराव आपली मोडकी ठेवून दुसऱ्याची चांगली छत्री घेऊन गेले.' 'साठीला त्रिंबकरावांना पेटीचा नाद लागला.'"

असं ते वाचत गेले. मी मनातल्या मनात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायला लागलो. पुढं तेच करायचं होतं. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. तोंडावर काही नव्हतं, फक्त त्यांचा उजवा हात मागं गेला होता आणि टेबलावरच्या जुळवलेल्या पानावर पडला होता. झोपलेल्या पोरावर ठेवावा तसा.

वाचून झालं. साहेबांनी पुस्तिका मिटली.

"हे त्रिंबकराव कुठं राहतात?"

"कोण?" मगदूम.

"हेच. प्रस्तावनेत लिहिलंय, 'यातील प्रत्येक वाक्य ऐकलेले आहे.' म्हणजे माणूस खरा असणार. मला त्यांना भेटायचंय."

"साहेब, ते वारले," मगदूम म्हणाले.

"गेल्या वर्षीच," मी म्हणालो.

"कायमचे परगावी गेले," मामा त्याच क्षणी म्हणाले.

साहेबांनी आम्हा तिघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि मग मास्तरांकडं. मास्तरांना खोटं बोलता यायचं नाही. त्यांनी प्रयत्न केला असेल तर तो आम्हाला दिसला नाही.

"त्रिंबकराव हा एक माणूस नाही, साहेब," ते म्हणाले. "ते अख्खं गाव आहे. बोललेलं सगळं खरं. केलेलं पण खरं. फक्त नाव एकाला दिलं. तुमचं निघालं, हे आमचं दुर्दैव. नोंद माझी आहे, मगदुमांचा यात काही दोष नाही. पानं मोडायची ती ते मोडतील, पण तुम्ही त्यांच्या छापखान्यावर राग धरू नका."

साहेब स्टुलावर बसले. पहिल्यांदाच.

"अख्खं गाव," ते म्हणाले. "तरीच."

"तरीच काय, साहेब?"

"मला वाटायचं, एका माणसाला एवढं कसं जमतं!" त्यांनी पुस्तिका गुडघ्यावर ठेवली. "मंजुरी किंवा नामंजुरी काय ती टपालानंही कळवता आली असती. मी यांना बघायला आलो होतो. घरी ही पुस्तिका मी चारदा वाचून दाखवली. मंडळी जेवताना हसल्या तर ठसका लागला. म्हणाल्या, 'अहो, बघा तुमच्या नावाचा माणूस! केवढा घेतोय! आणि तुम्ही? भाजीवाली वरची कोथिंबीर देते तीही परत करता.' खरंच करतो, हो. नोकरीला लागताना वडिलांनी सांगितलं, कोणाकडून काही घ्यायचं नाही. मी कुठं थांबायचं ते विचारायचं राहून गेलं."

त्यांनी पुस्तिकेचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"मग आता नोंदीचं काय, साहेब?" मगदुमांनी विचारलं. खळीचं भांडं अजून पाठीमागंच होतं.

"एक जागा रिकामी आहे."

"मास्तर, म्हणा की काहीतरी!"

"कोणी म्हटलेलं नाही," मास्तर म्हणाले.

"मास्तर, आता तरी!" मी म्हणालो. "पाया पडतो. एक वाक्य. सगळं जाईल हो."

"जाईल," मास्तर म्हणाले. "पण जे जाईल ते खरं जाईल."

साहेब त्यांच्याकडं बघत राहिले. मग खिशातून त्यांनी पेन काढलं. टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"अपूर्ण प्रकरण आलं की मी 'वरिष्ठांकडे विचारार्थ' असं लिहितो," ते म्हणाले. "वरून ते परत येतं. मी पुन्हा पाठवतो. अशी माझी काही प्रकरणं माझ्याबरोबर म्हातारी झालीत. एका बालवाडीचं आहे. त्यातल्या मुलांना आता मिशा आल्या असतील."

त्यांनी पुस्तिकेचं पहिलं पान उघडलं. लिहिताना ते ओठ हलवत होते, पोरं नवी अक्षरं गिरवताना हलवतात तसे. मग खाली सही केली, तारीख घातली आणि आपणच काय लिहिलंय ते लांब धरून वाचलं.

"मंजूर," ते म्हणाले. "वर न पाठवता."

आनंद व्हायला हवा होता, पण तो यायला वेळ लागत होता. शिकलगारमामा खिळ्यांची मूठ घेऊन उठले, कंबर सरळ केली आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले:

"चला! त्रिंबकरावांनी निर्णय घेतला एकदाचा!"

"थांबा!" मास्तर ओरडले. इतकी वर्षं त्यांच्याजवळ काढली, त्यांना ओरडताना मी तेवढंच ऐकलं. "कोणी बोलू नका. मामा, पुन्हा म्हणू नका. मी ऐकलं. चौगुले, ऐकलंत?"

"ऐकलं."

"जसंच्या तसं?"

"'एकदाचा'सकट."

"मग बघता काय? लिहा!"

मी ताडकन उठलो आणि पेन्सिल शोधायला धावलो. मागं वळलो तर साहेब माझ्या जागेकडं, म्हणजे चेपलेल्या हिरव्या गठ्ठ्याकडं बघत होते.

"उसण गेली वाटतं," ते म्हणाले.

"गेली, साहेब. अचानक."

आधी मगदूम हसले. मग खळीचं भांडं खाली पडलं, मग मामा हसले, मग साहेब. मास्तर हसत नव्हते. ते त्या रिकाम्या जागेवर माझं वाक्य लिहून होईपर्यंत श्वास धरून उभे होते. पूर्णविराम दिला तेव्हा त्यांनी जो सोडला, तो मला अजून ऐकू येतो. बैलगाडी घाट चढून गेल्यावर बैलानं सोडावा तसा. मंजुरीमुळं वाक्य मिळालं आणि वाक्यामुळं मंजुरी नियमात बसली. यातलं आधी कोणतं झालं, हे कोणी कधी विचारलं नाही.

"मगदूम," साहेब थोड्या वेळानं म्हणाले, "ते ताक अजून आहे का?"

ताक आलं. साहेबांनी पहिला पेला जरा घाबरत घेतला. दुसरा घेताना मिशीला लागलेलं पुसायचंही त्यांना भान नव्हतं. तिसऱ्याला त्यांनी मीठ मागून घेतलं. मगदुमांनी विसरलेला हार आणला, तोही त्यांनी मान वाकवून घालून घेतला. बायकोला दाखवायला म्हणून काढला नाही.

जीप बाहेर उभी होती. पाऊस वाढला होता. साहेब कोपऱ्यापाशी गेले. तिथं दोन छत्र्या होत्या. त्यांनी आधी आपली हातात घेतली, सुतळी गुंडाळलेली. मग ती जागच्या जागी परत टेकवली. माझी उचलली, वेताच्या मुठीची. चष्म्याच्या वरून एकदा माझ्याकडं बघितलं. तो प्रश्न नव्हता. परवानगीही नव्हती.

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं सगळं छापून झालं होतं.

पायरी उतरून त्यांनी ती उघडली. एकही काडी मोडकी नव्हती. तिच्या खालून ते जीपपर्यंत चार पावलंच चालले, पण हार गळ्यात, छत्री उंच, असे चालले की जणू गावाचा सत्कार स्वीकारून निघालेत.

मगदुमांनी कपाळाला हात लावला. "आरं, ती तुझी न्हवं काय?"

"माझीच."

"मग हाक मार की!"

सबनीस मास्तर माझ्या शेजारी येऊन उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू द्या, चौगुले," ते म्हणाले. "आजवर ते वाक्य नुसतं ऐकलेलं होतं."